दोन मीटर एकतीस

पट्टीबाई पडल्या त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून, ही गोष्ट त्यांना अजून खाते. अठ्ठावीस वर्षे, आठवड्यातले सहा दिवस, त्या नदीकाठच्या पाऊलवाटेने धबधब्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. शेवाळ, चिखल, ओले दगड, हलता पूल, सगळे पायाखालून गेले. कधी साधे खरचटलेसुद्धा नाही. आणि एका रविवारी दुपारी फळीवरची बरणी काढताना स्टूल कलंडले आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. "निदान धबधब्यावर पडले असते तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं," असे त्या इस्पितळातल्या खाटेवरून मला म्हणाल्या होत्या.

मी पाणी खात्याच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत. पट्टीबाईंचे काम मी इतकी वर्षे टेबलावरून पाहिले, म्हणजे त्यांनी आणलेला आकडा कार्यालयाच्या तक्त्यात उतरवला. ते काम म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या गावापासून साडेपाच किलोमीटरवर नदी एका कड्यावरून कोसळते. धबधब्याच्या पायथ्याशी डोह आहे आणि डोहातून पाणी जिथे बाहेर पडते तिथे खडकात एक लोखंडी पट्टी उभी रोवली आहे. तिच्यावर मीटर आणि सेंटिमीटरच्या खुणा आहेत. पाणी कितीला टेकले आहे ते वाचायचे, सोबत नेलेल्या नोंदवहीत लिहायचे आणि सकाळी दहाच्या आत कार्यालयात येऊन सांगायचे. तो आकडा आम्ही गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या बंधाऱ्यावर फोनने कळवतो. गेटवाला त्यावरून ठरवतो, किती गेटे उघडायची. आकडा दोन मीटर चाळीसच्या वर गेला की दुसरे गेट उघडायचे, असा नियम. दुसरे गेट उघडले की खालचा रस्ता दोन-तीन तास पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या वस्तीला लांबचा वळसा पडतो. दरीत फोन लागत नाही. यंत्र दोनदा बसवले. पहिले विजेने जळाले, दुसरे पुराने नेले, तिसऱ्याची फाइल माझ्या कपाटात आहे. तेव्हा आकडा येतो तो माणसाच्या पायांनी.

आधीचा पट्टीवाचक निवृत्त झाला तेव्हा पट्टीबाई कार्यालयात झाडलोट करायच्या. त्या जागेसाठी कोणी अर्ज केला नाही. रोज अकरा किलोमीटर चालायला कोण तयार होणार? बाई केरसुणी बाजूला ठेवून तेव्हाच्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी जाते." साहेब म्हणाले, "महिनाभर बघू." तो महिना अजून चालू आहे.

गुडघ्याला तार घातली, प्लास्टर झाले, ते निघाले. चार महिने गेले. बाईंच्या जागी आम्ही कार्यालयाच्या पहारेकऱ्याला पाठवत होतो. माणूस धट्टाकट्टा, दोन तासांत जाऊन यायचा आणि वर कँटीनमध्ये सांगायचा, "एवढ्याशा कामाचं बाईंनी केवढं प्रस्थ केलं होतं!" डॉक्टरांनी बाईंच्या प्रमाणपत्रावर लिहिले, 'हलके काम द्यावे.' आमच्या नव्या इंजिनिअर मॅडमनी ते वाचले आणि मला बोलावून विचारले, "आवक-जावक टेबल रिकामं आहे ना? तिथे बसवू या त्यांना. पगार तोच. सन्मानानं निवृत्त होतील."

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण कामाला चोख. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मलाही ते पटले. आदेशाचा मसुदा मीच लिहिला आणि वाटेत द्यावा म्हणून संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो.

घर म्हणजे पुढे यजमानांचे शिवणाचे दुकान आणि मागे दोन खोल्या. टेलरमास्तर मशीनवर होते. मागच्या खोलीत बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि उजव्या पायाला दुकानातली जुनी लोखंडी इस्त्री पट्ट्याने बांधली होती. पाय सरळ वर, दहा मोजायचे, खाली. पुन्हा वर.

"बघा भाऊसाहेब," मास्तर दुकानातूनच ओरडले, "गिऱ्हाइकाची पँट चुरगळलेली जाते, पण बाईसाहेबांचा पाय कसा कडक इस्त्रीचा!"

"तुमचं तोंड शिवून घ्या आधी," बाई म्हणाल्या. "आठ... नऊ... बसा भाऊसाहेब. दहा."

मी मसुदा पुढे केला. त्यांनी तो वाचला, नीट घडी घातली आणि मला परत दिला.

"मी टेबलावर बसणार नाही."

त्यांची लेक इस्पितळात नर्स आहे. ती नुकतीच कामावरून आली होती. बूटही काढले नव्हते. ती म्हणाली, "काका, तुम्ही तरी समजवा. फिजिओवाले म्हणतात घरात चाला, सपाटीवर चाला. ही म्हणते धबधबा. गुडघा पुन्हा गेला तर वाटी बदलावी लागेल, मग बस कायमची."

"मी सपाटीवरच चालणार आहे," बाई म्हणाल्या. "पहिले दोन किलोमीटर सपाटच आहेत."

"आणि उरलेले?"

"उरलेले मी काय तुझ्या इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये चालू?"

"आई, अडीच वर्षं राहिलीत नोकरीची. कशासाठी हा हट्ट?"

बाईंनी पायावरची इस्त्री सोडली. मग म्हणाल्या, "टेबलावर बसवलं तर माझं मला कळेल, की मी संपले. आणि तो पहारेकरी आहे ना, तो दोन तासांत येतो. दोन तासांत कसा येतो, ते मला कळत नाही. मला दोन तासांत कधी जमलं नाही. धडधाकट असताना नाही जमलं."

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना हे सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. "ठीक. मग चाचणी घेऊ. कार्यालयाच्या फाटकातून सकाळी सव्वासहाला निघायचं, पट्टी वाचायची, दहाच्या आत आकडा इथे. जमलं तर जागा त्यांची. नाही जमलं तर आवक-जावक, आणि पुन्हा वाद नाही. सोबत साक्षीदार जाईल, पूर्ण वाट. लेखी द्या."

"साक्षीदार कोण?" मी विचारले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसला.

चाचणीच्या दिवशी मी सहा वाजताच फाटकावर हजर होतो. मी एक तक्ता तयार केला होता: ठिकाण, अंतर, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, शेरा. वाकडा दगड दोन किलोमीटरवर, पूल साडेतीनवर, धबधबा साडेपाचवर. पायांत नवे बूट होते. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जायचे म्हणून पत्नीने ते आणून ठेवले होते आणि मी ते त्या दिवशीच खोक्यातून काढले होते. बाई आल्या, मास्तर सोबत होते. बाईंनी माझ्या पायांकडे पाहिले.

"नवे?"

"हो. खास आजच्यासाठी."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढेच.

त्यांच्या हातात काठी होती, पण ती त्यांनी छत्रीसारखी काखेत धरली होती. मी म्हणालो, "बाई, काठी टेका की."

"लेकीला शब्द दिलाय, काठी नेईन म्हणून. टेकवीन असं कुठे म्हटलंय?"

"भाऊसाहेब," मास्तर म्हणाले, "ही दमली तर बसवा. नाही बसली तर तुम्ही बसा, म्हणजे तिला थांबावं लागेल." असे म्हणून ते हसले, पण हसताना त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला. सव्वासहाला आम्ही निघालो.

पंपघराच्या मागून वाट सुरू होते. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला शेतांची कुंपणे. या टप्प्याला बाई 'आळशी रस्ता' म्हणतात. त्यांची चाल मी मागून पाहत होतो. डावा पाय टाकायचा, उजवा मागून जरा फेकल्यासारखा यायचा, पण ताल चुकत नव्हता. मी गप्पा सुरू केल्या. नदीला पाणी बरे आहे, हवा छान आहे, वगैरे. त्यांनी दोनदा "हं" केले, मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, बोलायला वारा लागतो. तो मला चढावर लागणार आहे."

वाकडा दगड सहा वाजून बावन्न मिनिटांनी आला. मी लिहून घेतले. पूल सात एकवीसला. तारेवर टांगलेला पूल आहे, एकावेळी एकच माणूस. बाई आधी गेल्या. मधोमध पोचल्यावर पूल डुलायला लागला तशा त्या थांबल्या, डुलणे कमी होईस्तोवर उभ्या राहिल्या, मग पुढे गेल्या. मी मागून जाताना दोन्ही हातांनी तारा धरल्या होत्या आणि तक्ता दातांत.

पुलानंतर चढ. झाडांच्या मुळ्यांच्या पायऱ्या, मध्येमध्ये ओले खडक. आता त्या काठी टेकत होत्या. मी तक्त्यात त्याचा उल्लेख केला नाही, कारण आदेशात काठीविषयी काही नव्हते. एका वळणावर त्यांचा उजवा पाय दुमडला. त्या खाली बसल्या नाहीत. एका हाताने झाड धरून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. कपाळावर घाम आला होता. मी घड्याळ पाहिले, मग लाज वाटून खिशात टाकले.

"किती झालं?" त्यांनीच विचारले.

"सात चव्वेचाळीस."

"मग उभं कशाला राहायचं?" आणि चालू लागल्या.

धबधब्याचा आवाज आधी येतो, मग गार वारा, मग झाडांतून एकदम पांढरे काहीतरी दिसते. सात वाजून छप्पन्न मिनिटांनी आम्ही वरच्या कट्ट्यावर पोचलो. मी अठ्ठावीस वर्षे या ठिकाणाचा आकडा रोज लिहीत आलो होतो आणि ते ठिकाण पहिल्यांदा पाहत होतो, हे मला तिथे उभा राहिल्यावर कळले. पाणी इतक्या जोरात पडत होते की कट्ट्याचा कठडा हाताला थरथरताना लागत होता.

बाई कठड्याला टेकून श्वास घेत होत्या. त्यांचे चालणे वाचवावे म्हणून मी पुढे झालो, कठड्यावरून वाकलो आणि खाली पाहिले. बावन्न पायऱ्या खाली पट्टी दिसत होती. आकडे मोठे आहेत, चष्म्यातून चांगले दिसतात. मी वाचले: दोन मीटर सेहेचाळीस. तक्त्यात शाईने लिहिले.

"झालं बाई!" मी म्हणालो. "दोन सेहेचाळीस. पाच मिनिटं बसा आणि निघू. वेळेच्या कितीतरी आत पोचू."

त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला. "हे कुठून वाचलंत?"

"इथून. स्वच्छ दिसतंय."

"इथून!" त्या कठड्यावरून वाकल्या आणि मिनिटभर पाहत राहिल्या. मग त्यांनी काठी घेतली आणि पायऱ्यांकडे वळल्या.

"अहो बाई, कुठे? पायऱ्या ओल्या आहेत. आकडा झाला ना!"

"पट्टीला काय अडकलंय ते बघा."

मी पुन्हा पाहिले. पट्टीच्या पायथ्याशी काहीतरी काळपट होते. मला ते खडकच वाटले होते.

"खडक नाही तो. झाडाचा फाटा आहे, आणि त्याला गवत, पाला, कचरा. पाणी त्याला अडतं आणि पट्टीपाशीच फुगतं. डोहाचं पाणी तेवढं नाहीये. फाटा काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, पाणी बसू द्यायचं. मग वाचायचं. तेही पट्टीच्या समोर डोळा आणून."

"पण बाई, वेळ..."

"घड्याळ तुमच्याकडे आहे, तुम्ही बघा."

त्या आडव्या होऊन उतरू लागल्या. दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. एकेक पायरी. मी मागून उतरलो. मध्यावर मला आठवले आणि मी तिथेच थांबलो. बाईंच्या नोंदवहीत प्रत्येक आकड्यापुढे एक बारीक बरोबरची खूण असे. एकोणीस वर्षांपूर्वी मी त्यांना मेमो दिला होता: 'नोंदवहीत अनावश्यक खुणा करू नयेत.' त्यांनी त्या मेमोवर पोच म्हणून सही केली होती आणि सहीपुढे तशीच खूण केली होती. मी ते उद्धटपणा समजलो होतो.

"बाई," मी वरूनच ओरडलो, कारण आवाजात काही ऐकू येत नव्हते, "ती खूण म्हणजे..."

"खाली उतरले, साफ केलं, थांबले, वाचलं," त्या मागे न पाहता ओरडल्या. "चार गोष्टींची एक खूण. तुमच्या तक्त्यात रकाना नव्हता म्हणून."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मेमो पाठवलात!"

पहारेकऱ्याच्या चार महिन्यांच्या पानांवर एकही खूण नव्हती. आणि त्याच चार महिन्यांत दुसरे गेट तीनदा उघडले होते, खालचा रस्ता तीनदा बुडाला होता. मी ते तीनही अहवाल स्वतः टाइप केले होते आणि 'वरच्या बाजूस जोरदार पाऊस' असे कारण घातले होते. पाऊस झाला होता का, ते मी कोणाला विचारले नव्हते. आकडा आला आहे म्हणजे पाऊस झालाच असणार. दोन तासांत तो कसा येत होता, हेही आता समजले.

फाटा मोठा होता. बाई शेवटच्या पायरीवर बसल्या, डावा पाय पाण्यात घातला आणि काठीने त्याला रेटू लागल्या. मी बाही वर केली आणि हात घातला. गवत, पाला, कुठल्यातरी प्लॅस्टिकच्या पिंपाचा तुकडा. फाटा सुटला आणि एकदम फिरून वाहत गेला तेव्हा आम्ही दोघे भिजलो. सव्वाआठ झाले होते. मग दहा मिनिटे थांबलो. माझ्या नोकरीतली सगळ्यात लांब दहा मिनिटे ती. पाणी पट्टीवरून हळूहळू उतरत गेले: चव्वेचाळीस, चाळीस, पस्तीस. आठ पंचविसाला बाई पायरीवर जवळजवळ आडव्या झाल्या, गाल पाण्यापर्यंत नेला आणि वाचले.

"दोन मीटर एकतीस. तुम्ही पण बघा."

मी तसाच आडवा होऊन पाहिले. दोन एकतीस. मी सेहेचाळीसवर रेघ मारली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शाईने लिहिलेला आकडा खोडल्याचे फार प्रसंग नाहीत. खोडला आणि बाजूला सही केली.

वर कट्ट्यावर आलो तेव्हा आठ सदतीस. साडेपाच किलोमीटर, त्र्याऐंशी मिनिटे, आणि उतार. चढापेक्षा उतार दुखऱ्या गुडघ्याला वाईट, हे मला लेकीने आदल्या दिवशी बजावून सांगितले होते. बाईंनी ओठ आवळून धरले होते. त्या थांबल्या नाहीत. पूल नऊ आठला. मी मनात हिशेब केला: जमेल, जेमतेम जमेल.

पण आता अडचण बाईंची नव्हती. माझे बूट भिजले होते. पुलाच्या आधीपासून टाचा जळत होत्या आणि पुलानंतर प्रत्येक पावलाला कोणीतरी टाचेत खिळा ठोकतो आहे असे वाटू लागले. मी दात खाऊन चालत होतो. बाई वीस पावले पुढे जायच्या, मागे पाहायच्या, थांबायच्या.

"काय झालं?"

"काही नाही. चला तुम्ही."

पुन्हा वीस पावले. पुन्हा थांबणे. वाकड्या दगडाशी पोचलो तेव्हा नऊ छत्तीस झाले होते. दोन किलोमीटर, चोवीस मिनिटे. मी दगडावर बसलो आणि बूट काढले. मोजे लाल झाले होते.

"अगं आई गं!" बाई म्हणाल्या. "हे असं घेऊन चालताय होय पुलापासून? बोलला का नाहीत?"

"तुम्ही निघा. आकडा घेऊन निघा."

"आणि साक्षीदार? पूर्ण वाट सोबत, असं तुम्हीच लिहिलंय. मी एकटी पोचले तर चाचणी कसली? कोण म्हणेल मी चालले की कुणाच्या सायकलवर बसून आले?"

"मी म्हणेन."

"तुम्ही? न बघता?" त्यांचे बरोबर होते. न पाहता मी सही करणार नव्हतो, आणि अठ्ठावीस वर्षांत त्यांना ते माहीत झाले होते.

"बाई, दहाला फोन गेला नाही, तर गेटवाला काय करतो?"

"कालच्या आकड्यावर चालतो."

"काल पहारेकरी होता. काय आणलं होतं त्यानं? दोन चव्वेचाळीस. मी स्वतः लिहिलंय. तिसऱ्यांदा गेट उघडलं ते त्याच आकड्यावर."

बाईंनी वाटेकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे. इकडे त्यांची जागा होती, तिकडे बंधाऱ्याचे दुसरे गेट. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "ही घ्या, तुम्हाला लागेल," म्हणाल्या आणि वळल्या. आळशी रस्त्यावरून त्या ज्या चालीने गेल्या तिला चालणे म्हणावे की पळणे, मला सांगता येणार नाही. डावा पाय, मग फेकलेला उजवा, डावा, उजवा. पहिल्या वळणावर कुंपणाआड गेल्या. पुढे मी त्यांना पाहिले नाही.

मी फाटकात शिरलो तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. अनवाणी, बूट गळ्यात, काठी हातात. कँटीनवाला चहाची किटली घेऊन तसाच उभा राहिला. आवक शिक्क्यावर वेळ होती नऊ अठ्ठावन्न. बाईंनी स्वतः बंधाऱ्याला फोन केला होता आणि मग बाकावर बसल्या त्या उठू शकल्या नव्हत्या. गुडघा सुजून दुप्पट झाला होता. मास्तरांनी टॅक्सी आणून त्यांना घरी नेले होते.

मॅडमसमोर मी अहवाल लिहिला. सगळ्या वेळा, खोडलेला आकडा आणि त्याचे कारण, पहारेकऱ्याच्या नोंदींविषयी एक परिच्छेद, माझ्या 'जोरदार पावसा'विषयी एक. शेवटी लिहिले: 'वाकड्या दगडापासून कार्यालयापर्यंतचे दोन किलोमीटर त्या चालत आल्या असे मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, कारण मी मागे पडलो.'

मॅडमनी ते दोनदा वाचले. "हे वाक्य नसतं तर चाललं असतं."

"मला नसतं चाललं."

"मग नियमानं चाचणी अपूर्ण झाली."

"नियमानं, हो. पुन्हा घ्या. पण साक्षीदार दुसरा नेमा. मी त्यांना पुरा पडत नाही."

मॅडमनी माझ्या पायांकडे पाहिले, मग खिडकीतून बाहेर, फाटकाकडे. त्यांना हसू येत होते ते त्यांनी दाबले आणि अहवालाच्या खाली लिहिले: 'वाचक पात्र. साक्षीदार अपात्र. चाचणी पुन्हा घेण्याची गरज नाही. पायऱ्या उतरून वाचन करण्याबाबत सर्वांना लेखी सूचना द्यावी.' खाली सही.

संध्याकाळी चपला घालून मी मास्तरांच्या दुकानात गेलो. बाई मागच्या खोलीत होत्या, पाय उशांवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. लेक शेजारी बसली होती आणि तिचा चेहरा पाहून मी दारातच थबकलो. ती म्हणाली, "या काका. तुमच्यावर पण रागवायचंय, पण रांगेत उभे राहा."

मी कागद बाईंना दिला. त्यांनी वाचला. मास्तर मशीन थांबवून दारात आले होते; त्यांनी बायकोच्या चेहऱ्यावरून ओळखले आणि खिशातला टेप काढून उगाच गुंडाळत राहिले.

बाईंनी विचारले, "दुसरं गेट?"

मी सगळे लिहिले होते, तेवढे एक विचारले नव्हते. तिथूनच फोन लावला. गेटवाला म्हणाला, "बंदच आहे. खालचा रस्ता कोरडा. पाणी बरोबर पहिल्या गेटातून चाललंय. बाई परत आल्या का कामावर? आकडा ऐकला तेव्हाच वाटलं."

मी तसेच सांगितले. बाईंनी मान हलवली आणि मागे टेकल्या. मग लेकीकडे न पाहता म्हणाल्या, "उद्या काही मला जमायचं नाही. भाऊसाहेब, उद्याच्या दिवस पहारेकऱ्यालाच पाठवा. पण निघायच्या आधी त्याला इकडे पाठवा, म्हणावं बाईंनी बोलावलंय. पायऱ्या कशा उतरायच्या ते मी सांगते त्याला."

"उद्या?" लेक म्हणाली. "उद्याच्या पुरतं? आठ दिवस पाय खाली टाकायचा नाहीये."

"दोन."

"आई, आठ."

"चार," मास्तर दारातून म्हणाले, "आणि वर माझ्याकडून एक दिवस फुकट."

"बरं, पाच," बाई म्हणाल्या. "सहाव्या दिवशी मी सहाला निघेन. सव्वासहाला नाही. आता मला पंधरा मिनिटं जास्त लागतात."